चर्चच्या तरुण पोरांना आकाशदर्शन शिकवायचंय, सुरुवात कशी करू?

प्रभूमध्ये सलाम. तुम्ही लिहिलंय की नवापूरकडच्या मंडळीत तरुण संघ तुमच्याकडे आहे, दुर्बीण अजून घेतलेली नाही, आणि मंडळीतली काही मोठी माणसं म्हणताहेत की ताऱ्यांच्या नादी लागून पोरं एकतर ज्योतिषाकडे वळतील नाहीतर देवच सोडतील. मी भुसावळचा, रेल्वेतला माणूस, पण चर्चच्या पोरांसोबत हा उद्योग बरीच वर्षं करतोय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी एकच सांगतो, आकाशातून देवाचे पुरावे काढत बसू नका. आपल्याकडे कोणी शिकवायला उभं राहिलं की प्रत्येक ताऱ्याला एक वचन चिकटवतं, आणि मग पोरं हळूच मोबाईल काढतात. जॉर्ज लमेत्र नावाचे बेल्जियमचे कॅथलिक फादर होते, विश्व पसरतंय हे त्यांनी 1927 मध्ये गणितातून मांडलं, आणि महास्फोटाची (बिग बँगची) मूळ कल्पना पण त्यांचीच. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी हाच सिद्धांत निर्मितीला दुजोरा देतो अशा अर्थाचं भाषण केलं तर लमेत्र खूश व्हायच्या ऐवजी नाराज झाले, कारण विज्ञानातला सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्याच्यावर विश्वास कशाला टांगायचा. तुमच्या त्या मोठ्या माणसांना ही गोष्ट जरूर सांगा, फादरनेच सांगितलंय म्हटल्यावर जरा ऐकतील.

आता सुरुवात. मे महिन्यात तुमच्याकडे सुट्टीतली बायबल शाळा होतच असेल, त्यातलीच एक रात्र घ्या, अमावस्येच्या आसपासची, आणि दक्षिणेकडे डोंगर किंवा झाडं आड येणार नाहीत असं शेत बघा. साधारण साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकू दिसतो, चार ताऱ्यांचा क्रूस, खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम 6 अंश आणि वरचा 12. उन्हाळ्याची धूळ असली तर खालचा गायब होतो, वैतागू नका. पोरं लगेच म्हणतात सर क्रूस! आणि इथेच मोह आवरायचा. त्यांना सांगा की वरचा तारा 88 प्रकाशवर्षं (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर जातो ते एक प्रकाशवर्ष) लांब आहे आणि खालचा सुमारे 320, एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही, आपण जिथे उभे आहोत तिथून तो क्रूस दिसतो एवढंच. मग बघा कसे प्रश्न सुरू होतात. तसेच जागत बसले तर अकरानंतर त्याच्या डावीकडे मित्र हा ठळक तारा बघा, 1689 मध्ये पुदुच्चेरीला फादर रिशो नावाचे जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) धर्मगुरू धूमकेतू बघत होते, तेव्हा हा एक नसून दोन तारे आहेत हे त्यांना दुर्बिणीतून कळलं. आपल्या देशातला दुर्बिणीने लागलेला हा पहिलाच शोध मानतात. पोरांना हे फार आवडतं.

पण माझा स्वतःचा सगळ्यात आवडता धडा गुड फ्रायडेचा आहे आणि त्याला आकाश लागतही नाही, एक बल्ब, एक बॉल आणि एक अंधारी खोली बस्स. ईस्टर दरवर्षी तारीख का बदलतो हे आधी विचारा, बऱ्याच पाळकांनाही पटकन सांगता येत नाही (नावं घेत नाही भो). 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, कारण येशूचं मरण वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळेला झालं आणि वल्हांडण येतो पौर्णिमेला. मग बायबलमधला मत्तय 27 काढा, दुपारी बारा ते तीन अंधार पडला असं तिथे आहे, आणि विचारा की ते सूर्यग्रहण होतं का. बरीच पोरं हो म्हणतात. आता बल्ब म्हणजे सूर्य, बॉल म्हणजे चंद्र, आणि पोराचं डोकं म्हणजे पृथ्वी, असं धरून बॉल फिरवायला लावा, त्यांना स्वतःलाच दिसतं की सूर्यग्रहण अमावस्येलाच होऊ शकतं, पौर्णिमेला चंद्र पार उलट्या बाजूला असतो, शिवाय खग्रास अवस्था एका जागी फार तर साडेसात मिनिटं टिकते, तीन तास कुठले. मग काय झालं होतं सर? बायबल सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. नुसतं गप्प राहिलेलं चालतं.

अवघड प्रश्न येणारच. थंडीत देवयानी दीर्घिका दाखवाल, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच दूरचा ताऱ्यांचा पसारा, तो धुरकट ठिपका, आणि सांगाल की हा प्रकाश निघून 25 लाख वर्षं झाली, तर कोणीतरी विचारणार की मग सृष्टी सहा हजार वर्षांची कशी. लपवू नका आणि टाळू पण नका. विश्वाचं वय आज सुमारे 1380 कोटी वर्षं मोजलंय हे सरळ सांगा, सहा हजाराचा आकडा बायबलमध्ये लिहिलेला नाही, तो नंतरच्या माणसांनी वंशावळ्या मोजून काढलाय हेही सांगा. पाळकांशी आधीच बोलून ठेवा म्हणजे नंतर कुरबुर नको. वचन वाचायचंच असेल तर ईयोब 38 वाचा, त्यात कृत्तिका आणि मृग दोन्ही आहेत, पण आधी पोरांना ते दाखवा आणि मगच वाचा, उलटं करू नका.

ज्योतिषाचं म्हणाल तर भीती उगाच आहे, जो पोरगा गुरूचे चार चंद्र स्वतः बघतो त्याला राशीभविष्यात फारसा रस उरत नाही. फक्त शेजारी ग्रहण पाळतात म्हणून त्यांची टिंगल करायला शिकवू नका. उलट सहल काढायची तर चाळीसगावजवळ पाटणादेवीला न्या, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढल्याचा शिलालेख आहे. खगोलशास्त्र आपल्या खान्देशातच शिकवलं जायचं हे चर्चच्या पोरांना पण कळू दे.

दुर्बिणीची घाई नको. आधी 10×50 ची (दहा पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री म्हणजे बायनॉक्युलर घ्या, गुरूचे चंद्र भिंतीला टेकून धरली तर दिसतात, कृत्तिका तर मोठ्या दुर्बिणीपेक्षा तिच्यातच छान. टॉर्चला लाल जिलेटिन लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. ध्रुव उत्तर क्षितिजापासून हात ताणून धरलेल्या दोन मुठींवर, म्हणजे 21 अंशांवर, मोजायला शिकवा, आपला अक्षांश तोच. थंडीत शेतात भरीत पार्टी असतेच, भाकरी होईपर्यंत मृग वर येतो, वेगळा कार्यक्रम लागतच नाही. आणि 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे, पावसाळा आहे त्यामुळे ढगांचा भरवसा नाही, पण आयएसओ 12312-2 लिहिलेले चष्मे आधीच मागवून ठेवा, एक्स-रेची फिल्म कोणी आणली तर सरळ काढून घ्या.