रविवारीसुद्धा लॅब?

प्रश्न: मुलगी इथे बडोद्यातच स्टेम सेलवर पीएचडी करतेय, पहिलं वर्ष. रविवारी सकाळी पोहे अर्धे टाकून स्कूटी काढते, म्हणते आई पेशींना जेवण द्यायचंय. आठ महिने झाले, शोध काहीच नाही. हे कसलं शिक्षण? — एक आई, दांडिया बाजार

उत्तर: अहो ताई, ती खरंच सांगतेय! या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी, ३७ डिग्रीवर इन्क्युबेटरमध्ये असतात, त्यांचं मीडियम, म्हणजे त्यांचं पातळ खाणं, बहुतेक वेळा रोज बदलावं लागतं, त्यांना कुठला आलाय रविवार, आणि दुर्लक्ष झालं की त्या आपोआप भलत्याच पेशी बनायला लागतात. चांगल्या कॉलनीची, म्हणजे पेशींच्या झुबक्याची, कड कशी रेखीव दिसते, बिघडलेलीची विस्कटलेली, हे मायक्रोस्कोपला डोळा लावून लावूनच कळतं, पुस्तकातून नाही. पहिलं वर्ष तेच. त्यात मायकोप्लाझ्मा नावाचा छुपा जंतू, त्याला सेल वॉल (पेशीभोवतीची भिंत) नाही आणि पेनिसिलिनचा मारा त्या भिंतीवरच, त्यामुळे ते चालत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही, म्हणून वरचेवर टेस्ट करायची.

आणि तिची नोटबुक रोज लिहिली जातेय ना, तेवढं विचारा, कारण तोच प्रयोग दुसऱ्यालाही जमला तरच तो खरा. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशीला स्टेम सेलसारखं केलं, २०१२ ला नोबेल मिळालं, पण त्याच जपानमधून २०१४ ला आलेले 'स्टॅप' पेशींचे (साध्या पेशींना नुसता ताण देऊन स्टेम सेलसारखं केल्याचा दावा) दोन पेपर काही महिन्यांत मागे घ्यावे लागले, इतर लॅबना ते जमेचना. आठ महिन्यांत शोध लागला असता तर मलाच जरा शंका आली असती. पोहे डब्यात भरून द्या, फक्त पेशी वाढवतात त्या कल्चर रूमच्या बाहेर खा म्हणावं.