जोडगोळीतला एकच आत

प्रश्न : स.न.वि.वि. माझे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत डेट्रॉइट शहराजवळ राहतात. आमच्या घरी होळकर संघाच्या क्रिकेटच्या आठवणी वडिलांपासून चालत आल्या आहेत. चिरंजीवांना मात्र तिकडे बेसबॉलचे वेड लागले आहे. तिथल्या ‘टायगर्स’ संघाचा जुना खेळाडू लू व्हिटेकर याला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या श्रेष्ठांच्या सन्मानदालनात) स्थान मिळाले नाही, म्हणून ते आणि त्यांचे मित्र एक निवेदन पाठवणार आहेत. त्याचा मसुदा त्यांनी मला वाचायला दिला असून त्यात ‘घोर अन्याय’ हे शब्द सहा वेळा आले आहेत. या मागणीत खरोखर तथ्य आहे, की हे केवळ चाहत्यांचे प्रेम आहे? क्रिकेटच्या माणसाला समजेल असे सांगावे, ही विनंती.
— एक निवृत्त शिक्षक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मागणीत तथ्य आहे, ते ‘घोर अन्याय’ या शब्दांखाली झाकले गेले आहे, एवढेच. सहापैकी सहाही वेळा ते शब्द खोडावेत आणि त्या जागी २,३६९ व २,३६५ हे दोन आकडे लिहावेत, असे चिरंजीवांना कळवा.

हे आकडे कशाचे, ते सांगतो. बेसबॉलमध्ये धावणाऱ्याने ओळीने गाठायचे जे टप्पे असतात त्यांना ‘बेस’ म्हणतात, आणि दुसऱ्या बेसच्या दोन बाजूंना दोन क्षेत्ररक्षक उभे असतात. एक सेकंड बेसमन आणि दुसरा शॉर्टस्टॉप. एकाच फटक्यावर दोन गडी बाद करण्याची जी करामत असते, तिला ‘डबल प्ले’ म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा या दोघांच्या हातांतून पार पडते. डेट्रॉइटकडून लू व्हिटेकर सेकंड बेसमन होता आणि ॲलन ट्रॅमेल शॉर्टस्टॉप. दोघेही ९ सप्टेंबर १९७७ रोजी, बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर, एकाच सामन्यात पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरले आणि त्यानंतर १,९१८ सामने एकत्र खेळले. १९८४ सालची वर्ल्ड सीरिज, म्हणजे वर्षाची अंतिम मालिका, जिंकणाऱ्या संघातही हीच जोडी होती. कारकीर्द संपली तेव्हा व्हिटेकरच्या नावावर २,३६९ हिट (फटका मारून बेस गाठल्याच्या वेळा) होते आणि ट्रॅमेलच्या नावावर २,३६५, म्हणजे एकोणीस-वीस वर्षांच्या खेळात दोघांमध्ये अंतर पडले ते चार हिटचे. होम रन, म्हणजे साधारण आपल्या षटकारासारखे फटके, व्हिटेकरचे २४४, ट्रॅमेलचे १८५. ट्रॅमेल २०१८ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. व्हिटेकर बाहेरच राहिला.

आपल्या घरच्या आठवणींतले उदाहरण द्यायचे तर १९४६ चा इंग्लंड दौरा घ्या. ओव्हलवर सरे संघाविरुद्ध भारतीय संघाकडून खेळताना शुटे बॅनर्जी आणि होळकर संघाचे चंदू सरवटे (बसस्थानकाला ज्यांचे नाव आहे ते सरवटे निराळे) यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. या दोघांपैकी एकाचेच नाव फलकावर कोरले आणि दुसऱ्याचे गाळले, तर ती भागीदारी कुणाला समजावून सांगता येईल का? डेट्रॉइटच्या चाहत्यांची खंत नेमकी हीच आहे, आणि ती जोडीच्या भाषेत मांडली तरच निवड करणाऱ्यांच्या मनावर ठसेल.

मग असे झाले कसे? याचे उत्तर खेळात कमी आणि मतदानाच्या नियमांत जास्त सापडते. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडूचे नाव बेसबॉल लेखकांच्या मतपत्रिकेवर येते. ज्यांना या क्षेत्रात दहा वर्षे झाली आहेत असे पत्रकार मत देतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा नावे निवडता येतात, आणि आत जाण्यासाठी ७५ टक्के मते लागतात. पाच टक्क्यांहून कमी मते पडली, तर नाव पहिल्याच वर्षी कायमचे उतरते. व्हिटेकरला २००१ साली ५१५ पैकी १५ मते पडली, म्हणजे २.९ टक्के. त्याच वर्षी डेव्ह विन्फिल्ड आणि कर्बी पकेट ही दोन झळाळती नावे यादीवर पहिल्यांदाच आली होती आणि दोघेही निवडून आले.

आता ट्रॅमेलचे पाहा. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्याला १५.७ टक्के मते मिळाली. हा काही विजय नव्हे, परंतु तो पाच टक्क्यांच्या वर राहिला. त्या काळच्या नियमाप्रमाणे त्याचे नाव पंधरा वर्षे यादीवर टिकले, दरवर्षी त्याच्याविषयी लिहिले गेले, लोक वाद घालत राहिले, आणि शेवटच्या वर्षी मते ४० टक्क्यांपर्यंत गेली. लेखकांनी त्याला निवडले नाही ते नाहीच. पण २०१७ च्या डिसेंबरात लेखकांनी न निवडलेल्या जुन्या खेळाडूंचा पुन्हा विचार करणाऱ्या सोळा जणांच्या समितीने जेव्हा त्याला निवडले, तेव्हा त्याच्यामागे पंधरा वर्षांची चर्चा होती आणि व्हिटेकरच्या मागे काहीच नव्हते. माझ्या मते निवेदनाचा गाभा इथे आहे: व्हिटेकर लेखकांनी विचारांती नाकारलेला खेळाडू नाही, त्यांच्या मतदानात त्याचा पुरेसा विचारच झालेला नाही.

त्या पंधरा वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. खेळाडूचे मोल मोजण्याची पद्धतच बदलली. पूर्वी फलंदाजीची सरासरी पाहिली जाई, आणि व्हिटेकरची ०.२७६ ही सरासरी कुणाच्या डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती. परंतु तो संयमाने खराब चेंडू सोडून जवळजवळ १,२०० वेळा ‘वॉक’ मिळवून बेसवर गेला, आणि त्याचे श्रेय सरासरीत धरले जात नाही. आज ‘वॉर’ नावाचा आकडा प्रचलित आहे: खेळाडूच्या जागी सहज मिळणारा बदली माणूस खेळवला असता, तर संघाने किती विजय गमावले असते, याचा तो अंदाज. एका प्रचलित हिशेबाने व्हिटेकरचा हा आकडा सुमारे ७५ आहे, ट्रॅमेलचा सुमारे ७१. व्हिटेकरच्याच जागेवर खेळणारे राइन सँडबर्ग (२००५ साली निवड) आणि रॉबर्टो ॲलोमार (२०११ साली निवड) हे अनुक्रमे ६८ आणि ६७ च्या आसपास आहेत. अर्थात वॉर हा अंदाजच आहे. चार-पाच विजयांच्या फरकावर कुणाला श्रेष्ठ ठरवू नये. तो इतके मात्र नक्की दाखवतो की हा माणूस याच पंक्तीतला आहे.

विरोधी बाजू मसुद्यात नाही, ती घालावी, कारण समितीतील लोक ती काढणारच. व्हिटेकर कोणत्याही मोठ्या आकड्यात लीगमध्ये पहिला आला नाही. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्याची सर्वांत वरची जागा १९८३ मधली आठवी. कारकिर्दीच्या उत्तरार्धात डावखुऱ्या गोलंदाजांसमोर त्याला बरेचदा विश्रांती दिली जात असे. १९८४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान ट्रॅमेलला मिळाला. ही सगळी खरी उणी बाजू आहे. तिच्यासमोर १९७८ चा सर्वोत्तम नवोदित हा मान, पाच ऑल-स्टार निवडी (लीगच्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी), क्षेत्ररक्षणाचे तीन गोल्ड ग्लव्ह आणि फलंदाजीचे चार सिल्व्हर स्लगर ठेवावेत. शिखर कधी फार उंच गेले नाही, पण पठार मोठे लांब होते; अशा खेळाडूंना पाच टक्क्यांची पहिलीच चाळणी सर्वांत जड जाते.

एक व्यावहारिक सूचना. डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे नाव समितीपुढे आले, तेव्हा त्याला १६ पैकी ६ मते मिळाली आणि लागत होती १२. त्यानंतर २०२२ आणि २०२५ या दोन्ही वेळी आठ नावांच्या यादीतही तो नव्हता. २०२५ मध्ये त्याच्याच जागेवरचा जेफ केंट निवडला गेला. म्हणजे सध्याचा अडसर सोळा मतदारांचा नाही, यादीत नाव घालण्याचा आहे, आणि ही यादी लेखकांच्या संघटनेने नेमलेली जाणकारांची निराळी समिती तयार करते. निवेदन तिच्याकडे जायला हवे, आणि तेही २०२८ च्या अखेरीस पुढची यादी येण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून.

१९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला व्हिटेकर आपला गणवेश विसरला, बाजारातला जर्सी घालून त्यावर हाताने आकडा काढून खेळला, आणि तो जर्सी आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, ही गोष्ट चिरंजीवांनी पहिल्याच पानावर घातली आहे. ती मला फार आवडली. तरीही ती शेवटच्या पानावर न्यावी. त्याऐवजी पहिल्या पानावर टायगर्स संघाने ६ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचा १ हा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला (म्हणजे तो पुढे दुसऱ्या कुणाला देत नाहीत), हे लिहावे, आणि २०१८ च्या समारंभात खुद्द ट्रॅमेलने आपल्या भाषणात व्हिटेकरही एक दिवस इथे यावा अशी इच्छा बोलून दाखवली होती, हे त्याच्या खालच्या ओळीत.