समुद्राजवळचं घर आणि दोन वर्षांत उडालेला कलर

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही राहतो बडोद्यात मांजलपूरला पण सासरचं घर मालवणला आहे, समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. 2 वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी घाईघाईत बाहेरून कलर मारून घेतला, चांगला महागातला. आता समुद्राकडच्या भिंतीचे पोपडे निघतायत, खाली पांढरं मिठासारखं दिसतं आणि खालच्या भागात काळंहिरवं शेवाळ. बडोद्याच्या घराला तोच कलर मारून 7 वर्षं झाली, अजून ठणठणीत आहे. कलरवाला म्हणतो कंपनी बदला. मे महिन्यात 8 दिवस जातोय तेव्हाच उरकायचंय, कुठला घेऊ? – एक वाचक, बडोदा

उत्तर : ताई, कंपनी बदलून काहीएक होणार नाही. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, "गणपतीच्या आधी घाईघाईत". कोकणात हे घरोघरी चालतं, बाप्पा यायच्या आत घर नवं दिसायला हवं म्हणून श्रावणात दोन दिवस उघडीप दिसली की ब्रश फिरवतात. भिंत वरून कोरडी दिसते, आत पाणी पिऊन बसलेली असते. ते पाणी ऊन पडलं की बाहेर यायला बघतं आणि येताना प्लास्टरमधले क्षार घेऊन येतं. आपल्याकडचे गुजराती कारागीर त्यालाच लूणो म्हणतात, आपण लोणा. त्यात वाऱ्यावर उडून आलेलं समुद्राचं मीठ भिंतीवर बसलेलंच असतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं हे पावसाळ्यात मिठाची बरणी उघडली की दिसतंच. त्या मिठावर कलर मारला की तो भिंतीला धरतच नाही, मिठाला धरतो. मग तो कितीही महागाचा असू दे.

बडोद्यात पाऊस तिकडच्यापेक्षा कितीतरी कमी, खारा वारा नाही, म्हणून इथे निभावून जातं. दोन्ही घरांची तुलनाच करू नका.

म्हणजे पैसे धुण्याला आणि वाळवण्याला द्यायचेत. सुटलेले पोपडे पत्रीने (खरवडायच्या पात्याने) काढायचे, लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडून टाकायचा (पाणी मारलं की तो विरघळून परत आत जातो), शेवाळावर बुरशीनाशक लावून डब्यावर सांगितलेला वेळ ठेवायचं, नुसतं घासलं तर पुढच्या पावसात परत येतं. मग गोड्या पाण्याने भिंत वरपासून खालपर्यंत धुवायची. हो गोड्या, कारण किनाऱ्यावरच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि माझ्या मेव्हण्याकडे कलरवाल्याने त्याच पाण्याने भिंत धुतली होती, पुढे काय झालं सांगायला नको. भेगा, पॅरापेट (गच्चीचा कठडा), खिडकीवरचे छज्जे आधी बघा, पाणी तिथूनच शिरतं. कुठे सळई फुगून प्लास्टर सुटलं असेल तर ते कलरवाल्याचं कामच नाही, गवंडी बोलवा. नवीन प्लास्टर केलं तर त्यावर लगेच कलर नाही, साधारण 28 दिवस जाऊ द्यायचे. तेव्हा ताई, 8 दिवसांत होत नाही हे.

माझं ऐका, मेमध्ये खरवडणं, भेगा, गवंडीकाम करून घ्या. कलर दिवाळीनंतर, पाऊस जाऊन भिंती उन्हात महिनाभर सुकल्यावर, आणि त्याआधी परत एकदा धुणं. भिंत सुकली का हे बघायला प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून ठेवा, दुसऱ्या दिवशी आतून पाण्याचे थेंब दिसले की थांबायचं. मग एक्स्टिरिअर प्रायमर (कलरच्या आधीचा हात), वर एक्स्टिरिअर अॅक्रिलिक इमल्शनचे, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या पाण्यात कालवायच्या कलरचे, दोन हात. घरातली अॅक्रिलिक पुट्टी बाहेर अजिबात नाही, लागलीच तर व्हाइट सिमेंटवाली. सकाळी दव वाळल्यावर सुरू करायचं, आणि पश्चिमेची भिंत दुपारच्या आत, तापलेल्या भिंतीवर कलर नीट बसायच्या आधीच सुकतो.

तुम्ही तिथे नसणार म्हणून हिशोब सांगतो. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना 1 लिटर साधारण 50 ते 60 स्क्वेअर फूट जातं. 1800 फूट भिंत असेल तर 30 ते 36 लिटर. कोणी म्हणालं 20 च्या एका डब्यात बसवतो, तर समजा पाणी जास्त पडणार. पैसे टप्प्याने द्या आणि पहिला हप्ता धुतलेल्या भिंतीचा व्हिडिओ बघून.

प्रश्न : आमच्या अलिबागच्या घराच्या ग्रिल्स दरवर्षी गंजतात, वरून ऑइलपेंट मारतोच. – निझामपुऱ्यातून, बडोदा

उत्तर : गंजावरच मारताय ना? सगळा गंज वायर ब्रशने काढा, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर, मग दोन हात. जोडाच्या खाचा आणि खालची बाजू सोडू नका, गंज तिथूनच चालू होतो.