ऊसतोडीत ठिपक्यांची पिल्ले सापडली. बिबट्याची असतील का? रानमांजराची असतील तर घरी आणून वाढवता येतील का?

आधी एकच सांगतो, पिल्ले उचलू नका. तेवढ्या तुकड्यातली तोड थांबवा, टोळीला फडाच्या दुसऱ्या टोकाला लावा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पिल्ले कुणाचीही असोत, आई जवळपासच असते. ती बिबट्याची मादी निघाली तर तिथे घोळका करणे जिवावर बेतेल.

मी जुन्नर भागात ऊस करतो. आमच्याकडे बिबट्याची धास्ती इतकी की ठिपके दिसले की फडात एकच गलका होतो. पण तोडीत निघणारी पिल्ले वाघाटीची, म्हणजे लहानशा ठिपकेदार जंगली मांजराची, किंवा रानमांजराचीही असतात. बिबट्याचे पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास भरते. त्याचे पंजे अंगाच्या मानाने थोराड असतात, ठिपके दाट आणि शेपटीवरही उतरलेले. वाघाटी पूर्ण वाढली तरी एक ते दीड किलोचीच. मग तिचे पिल्लू केवढे असेल बघा, तळहातावर मावते. कपाळावर पांढऱ्या रेघा, पाठीवर काळपट ठिपक्यांच्या ओळी (ठिपक्यांचा तांबूसपणा मोठेपणी येतो), शेपटीवर ठिपके जवळपास नाहीतच. रानमांजर अंगाने मोठे, लांब पायांचे. त्याच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात आणि मोठेपणी ते पुसट होतात, त्यामुळे इथेच जास्त गफलत होते. लांबून फोटो काढून वनरक्षकाला दाखवा.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, असे आमच्याकडेही म्हणतात. ते खरे नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. तिथली वाइल्डलाइफ एसओएस या वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेची माणसे आणि वन विभाग मिळून पिल्लांची तब्येत तपासतात, संध्याकाळी ती सापडलेल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतात आणि लांब कॅमेरा लावतात. अंधार पडला, माणसांची चाहूल थांबली की आई येते आणि मानेला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. जागा मात्र तीच हवी. पिल्ले आधीच घरी आणली असतील तर गाईचे दूध पाजू नका, हगवण लागते. आणि पाळण्याचा विचार तर सोडूनच द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

खरे सांगायचे तर ती शेतात राहण्यातच आपला फायदा आहे. उसाच्या बुडाशी घुशी आणि उंदीर किती नासधूस करतात हे तुम्हाला सांगायला नको. राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलातल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते असा अंदाज निघाला होता. मी त्याला बांधावर शिकार करताना पाहिले आहे. बिळाकडे तोंड करून ते दबा धरून बसते, अंग जराही हलत नाही, फक्त कान फिरत राहतात. मग एकदम उंच उडी आणि दोन्ही पुढचे पाय बरोबर भक्ष्यावर. दक्षिण भारतात तर भातशेतीतल्या घरांच्या माळ्यावर वाघाटी राहिल्याच्या नोंदी आहेत, इतकी ही जनावरे आपल्याजवळ जगतात.

म्हणून उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनसारखे औषध टाकताना विचार करा. ते उंदराच्या यकृतात साठते आणि तो उंदीर खाणाऱ्याच्या पोटात जाते. तोडीनंतर पाचट पेटवू नका, त्यात लपलेली पिल्ले जिवंत जळतात. पाचट कुजवले तर जमिनीलाही चांगलेच.

मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांतली एखादी रानमांजर उचलते, हे खरे आहे. नुकसान होते तेव्हा राग येणारच. पण त्यासाठी फासा लावू नका. रात्री कोंबड्या आत घ्या आणि खुराड्याला खालून-वरून बारीक जाळी मारा, तेवढ्याने भागते.