जनावरांच्या बाजारभावात ‘नग’, ‘दुसा’, ‘वेत’ म्हणजे काय? गाय घेताना हे कसं वाचायचं?

पहिल्यांदाच दुभती गाय घ्यायची आहे, पण बाजाराच्या बातमीतले शब्द उमगत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या दावणीला कायम जनावरं असतात, म्हणून सविस्तर सांगतो.

बाजार समितीच्या तक्त्यात आवक म्हणजे त्या दिवशी आलेली जनावरं. पुढे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. बहुतेक सौदे ज्या भावाच्या आसपास तुटले तो सर्वसाधारण. किमान-कमालची सरासरी नव्हे. हा भाव नगावर, म्हणजे एका जनावरामागे असतो, कांद्यासारखा क्विंटलवर नाही. भाकड गायही एक नग आणि ताजी व्यालेलीही एक नग. त्यामुळे त्या आकड्यावरून बाजार चढा की मंदा एवढंच समजतं. तुमच्या गायीची किंमत ठरते दात आणि वेतावर.

गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचे दात पडलेच नसतील तर जनावर आदत. पहिली पक्की जोडी साधारण दोन-अडीच वर्षांची असताना येते, तो दुसा. मग चौसा, सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात आले की जुळलेलं. त्यानंतर वय झिजेवरून ओळखायचं. शर्यतीच्या बैलांचे गटही याच दातांवर पडतात.

वेत म्हणजे गाय कितव्यांदा व्यायली ते. पहिल्यांदा व्यालेली ती पहिलारू. आता दात आणि वेत एकमेकांशी ताडून बघा, माझ्या मते खरेदीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. संकरित गाय पहिल्या वेताला बहुधा दुसा किंवा चौसा असते. विकणारा पहिलारू म्हणतोय आणि तोंडात आठही दात झिजलेले दिसतायत, तर तिथून सरळ पुढे चला. वय ओळखायला शिंगावरच्या वेढ्यांवर विसंबू नका, शिंगं तासून आणतात.

‘बारा लिटरची’ म्हटलं की एका वेळचं की दिवसाचं, हे लगेच विचारा. फुगलेल्या कासेला भुलू नका. बाजारासाठी दूध तुंबवून ठेवतात. चारही सडांची धार स्वतः काढून बघा, शक्य असेल तर संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळा.

हेडी लोक, म्हणजे जनावरांचे व्यापारी, रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. तुम्ही मात्र भाव तोंडाने, उघड बोला. दुधाची, गाभणपणाची बोली साक्षीदारासमोर ठरल्याशिवाय इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊ नका. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद आहे, तेव्हा त्यावरचा 12 अंकी क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि मगच गाय गाडीत चढवा.