ईआरपीतलंच सीआरएम की वेगळं? आधी शेवटची पन्नास बिलं काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. व्हॉल्व्हचा छोटा कारखाना, विक्रीला सहा माणसं, त्यातले सर्वांत जुने गृहस्थ मार्चमध्ये निवृत्त होणार. गेल्या वर्षी बसवलेल्या ईआरपीत (हिशेब, साठा, ऑर्डरी एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सीआरएमचं (गिऱ्हाइकं, त्यांच्या चौकश्या आणि फॉलोअप यांच्या नोंदी ठेवणारं) मॉड्यूल आहे, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. विक्रीप्रमुख मात्र म्हणतात, स्वतंत्र सीआरएम घ्या, मोबाइलवर ते चांगलं चालतं. अकाउंट्सवाल्यांचा त्याला विरोध आहे. कोणाचं ऐकायचं?

मी भोसरीत याच धंद्यात १८ वर्षं आहे. पहिली आठ वर्षं विक्रीत फिरलो, त्यानंतर अशाच कारखान्यांना सॉफ्टवेअर निवडायला आणि बसवायला मदत करतो. दोन्ही प्रकार नीट चाललेले पाहिलेत आणि दोन्ही पार झोपलेलेही. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझं मत ईआरपीतल्या सीआरएमच्या बाजूचं आहे, पण त्याला एक अट आहे. ती पुढे सांगतो.

आधी एक काम करा. शेवटची ५० बिलं काढा आणि त्यातली किती जुन्या गिऱ्हाइकांची आहेत ते मोजा. इंजिनिअरिंग मालाच्या कारखान्यात मी जेव्हा जेव्हा हे मोजलं, तेव्हा बहुतेक बिलं जुन्यांचीच निघाली. जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावण्याआधी विक्रीच्या माणसाला काय दिसायला हवं? मागच्या वेळी काय भाव दिला, कुठल्या ड्रॉइंगचा माल गेला, आधीच्या पीओतलं (गिऱ्हाइकाच्या लेखी खरेदी-ऑर्डरीतलं) किती डिस्पॅच व्हायचं राहिलंय, मागच्या लॉटची तक्रार मिटली का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, किती रक्कम किती दिवसांपासून येणं आहे. यातली प्रत्येक गोष्ट ईआरपीत आहे. स्वतंत्र सीआरएममध्ये ती कुणीतरी आणून ठेवावी लागते आणि रोज ताजी ठेवावी लागते.

हे न झाल्यामुळे काय होतं ते मी जवळून पाहिलंय. २०१९ मध्ये एका कारखान्यासाठी मी स्वतःच स्वतंत्र सीआरएम सुचवलं होतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी एका बाहेरच्या प्रोग्रामरकडून करून घेतली. चार महिने छान गेले. मग हिशेबाच्या बाजूला आवृत्ती बदलली, जोडणी बंद पडली आणि तीन आठवडे ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या काळात विक्रीच्या मुलाने एका जुन्या गिऱ्हाइकाला सवलतीचं कोटेशन दिलं, पीओ आणला, माल तयार झाला. गाडी भरायच्या दिवशी अकाउंट्सने अडवली, कारण ९० दिवसांवरची उधारी थकलेली. त्या मुलाच्या पडद्यावर ते खातं स्वच्छ दिसत होतं. गिऱ्हाईक चिडलं, आणि ते चिडणं योग्यच होतं. पुढचं वर्षभर त्यांनी एकही ऑर्डर दिली नाही. जोडणी कोण सांभाळणार, बंद पडली तर कुणाला कसं कळणार, हे मी आधी ठरवून घ्यायला हवं होतं. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी सर्वांत आधी विचारतो.

आता विक्रीप्रमुखांची बाजू, कारण तेही खोटं बोलत नाहीत. ईआरपी बहुधा अकाउंट्स आणि स्टोअर्स डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. एका कारखान्यात साधी चौकशी नोंदवायला आयटम कोड, एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक), कराचा प्रकार आणि गोदामाचं नाव भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गेटवर उन्हात उभा असलेला माणूस हे भरणार नाही. मग चौकश्या डायरीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर राहिल्या, शनिवारी संध्याकाळी साहेब ओरडतात म्हणून आठवेल तेवढं भरलं गेलं, आणि सोमवारच्या बैठकीत त्याच आकड्यांवर चर्चा झाली. असं सीआरएम फुकट मिळालं तरी महागच.

म्हणून माझी अट ही: तुमच्या दोन माणसांना मोबाइल हातात देऊन गेटबाहेर उभं करा आणि एक चौकशी नोंदवायला सांगा. नाव, फोन, काय हवंय, पुन्हा कधी फोन करायचा, एवढंच. एका मिनिटात झालं पाहिजे. होत नसेल तर ईआरपीवाल्यांना सांगून चौकशीच्या पानावरचे सक्तीचे रकाने काढून टाका, ते कोटेशनच्या वेळी भरता येतात. बहुतेक ईआरपींमध्ये हे दोन दिवसांचं काम असतं. ते करायला ते तयार नसतील तर माझं मत बदलेल आणि मी विक्रीप्रमुखांच्या बाजूने बोलेन.

ही ओढाताण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही कळलेली दिसते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टमध्ये चौकशीपासून कोटेशन, विक्री ऑर्डर, बिल अशी सलग साखळी पहिल्यापासून आत आहे. तरी त्याच कंपनीने पुढे फ्रॅपे सीआरएम हे वेगळं उत्पादन काढलं, जे ईआरपीनेक्स्टला जोडता येतं. झोहोचा प्रवास दुसऱ्या टोकाकडून झाला. त्यांचं सीआरएम २००५ चं, हिशेबाचं झोहो बुक्स त्यानंतर काही वर्षांनी आलं, आणि आज दोन्ही एकमेकांना जोडून विकली जातात. बेल्जियमच्या ओडूत सीआरएम, विक्री, साठा, हिशेब ही एकाच डेटाबेसवरची वेगवेगळी अ‍ॅप आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाची नोंद एकच राहते. ‘आतलं’ आणि ‘वेगळं’ यांतली भिंत पूर्वीइतकी जाड राहिलेली नाही. विक्रेत्याला विचारा, गिऱ्हाइकाची नोंद एका ठिकाणी आहे की दोन? दोन असतील तर मूळ कुठली?

स्वतंत्र सीआरएम खरोखर कुणाला लागतं, तेही सांगतो. तुमच्या ५० बिलांतली निम्मी नवी निघाली, इंडियामार्ट या ऑनलाइन बाजारावरून रोज पंधरा-वीस चौकश्या येत असल्या, तर. तिथली एकच गरज एकाच वेळी अनेक पुरवठादारांकडे जाते, त्यामुळे आधी फोन करणाऱ्याचं पारडं जड. ती चौकशी आपोआप आत येणं, ताबडतोब कुणाच्या तरी नावावर पडणं, अर्ध्या तासात फोन झाला नाही तर वरिष्ठांना दिसणं, ही कामं स्वतंत्र सीआरएम जास्त सफाईने करतात. शिवाय वीसातल्या अठरा चौकश्या कधीच गिऱ्हाईक होणार नसतात. त्यांचा कचरा ईआरपीच्या मास्टरमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या मूळ यादीत, कशाला? परवान्याचा हिशेबही इथे बघा: काही ईआरपींमध्ये विक्रीच्या प्रत्येक माणसाला पूर्ण वापराचा परवाना लागतो आणि ‘फुकट मॉड्यूल’ सहा माणसांवर गेलं की फुकट राहत नाही. तुमच्या करारात हे काय आहे ते तपासा.

वेगळं घ्यायचं ठरलंच तर दोन्हीकडून सगळं बदलता येईल अशी जोडणी करू नका. गिऱ्हाइकाचा मास्टर, भाव आणि येणं बाकी ईआरपीकडून सीआरएमकडे जाईल, तिथे ते फक्त वाचता येईल. सीआरएमकडून ईआरपीत जाईल ती फक्त पक्की झालेली ऑर्डर. पहिला पीओ येईपर्यंत त्या पार्टीचं खातं ईआरपीत उघडायचं नाही. आणि जोडणी थांबली की त्याच दिवशी एका नेमून दिलेल्या माणसाला संदेश गेला पाहिजे.

कुठलंही घ्या, यादी आधी धुऊन घ्या. एकच गिऱ्हाईक ‘प्रा. लि.’, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नुसत्या आडनावाने असं तीनदा सापडेल. नावावरून जुळवत बसू नका, जीएसटी क्रमांकावरून जुळवा. १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७, आणि पुढची दहा म्हणजे त्या कंपनीचा पॅन. त्या दहांवरून लावलं की पुण्याचा कारखाना आणि गुजरातमधला कारखाना एकाच मालकाचे आहेत हे लगेच दिसतं, आणि एकीकडे उधारी थकवून दुसरीकडून माल उचलणारेही सापडतात. मोबाइल नंबरवर विसंबू नका. परचेस ऑफिसर नोकरी बदलतो आणि नंबर सोबत नेतो.

विक्रीच्या माणसांना कंपनीचं सिम द्या, हेही याच वेळी उरकून घ्या. माणूस गेला की त्याच्या फोनमधले दोनशे संपर्क जातात, हे दुखणं कुठलंही सॉफ्टवेअर बरं करत नाही. करार करण्याआधी विक्रेत्याकडून सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवून घ्या, फॉलोअपच्या शेऱ्यांसकट. नुसती नावं आणि पत्ते बाहेर आले तर त्याला उपयोग नाही.

मार्चमध्ये निवृत्त होणाऱ्या तुमच्या गृहस्थांबद्दल एवढ्यासाठीच थोडं आग्रहाने सांगतो. सॉफ्टवेअरचा निर्णय महिनाभर लांबला तरी चालेल, त्यांचं काम आजच सुरू करा. रोज दुपारी एक तास एका तरुण मुलाला त्यांच्याशेजारी बसवा. वहीत किंवा साध्या एक्सेलमध्ये एकेका गिऱ्हाइकाबद्दल लिहून घ्या: खरा निर्णय कोण घेतं, दर कुठल्या महिन्यात ठरतात, कुठला माल एकदा परत आला होता आणि का, पैसे मागायला कुणाला फोन करायचा, दिवाळीला कुणाकडे स्वतः जावं लागतं. पहिली तीस गिऱ्हाइकं झाली की बाकीची पटापट होतात. ते एक्सेल उद्या दोन्हींपैकी कुठल्याही सीआरएममध्ये चढवता येईल.