शेवंतीच्या कुंड्यांत गोगलगायी झाल्यात, मीठ टाकू का? आणि जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीला काय करू?

मीठ टाकू नका. याच मिठावरून आमच्या घरात भांडणं झालीत, म्हणून लिहायला बसले.

आम्ही साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. पाऊस लागला की मागच्या दगडी गडग्यातून बिनशंखाच्या बुळबुळीत गोगलगायी निघतात. दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूच्या रोपांच्या एका रात्रीत नुसत्या काड्या, आणि सकाळी मातीवर त्यांचा चकाकणारा चिकट माग. आमचे मोठे भाऊजी म्हणाले, "खडेमीठ टाक गं, विरघळतील." विरघळल्या, नाही कशाला म्हणू? पण भाऊजींनी रोज मूठमूठ मीठ फेकलं, पावसाने ते मुळाशी नेलं. उरलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या आणि वाफा बसला. तोरणाला झेंडू विकत आणावा लागला. भाऊजी अजून म्हणतात, बी खराब होतं! त्याच पुडीतलं बी मी कुंडीत टाकलं होतं, ती गच्च फुलली. फोटो आहे माझ्याकडे.

मग त्यांनी कीटकनाशक आणलं. अहो, गोगलगाय कीटक आहे का? माव्याचं औषध तिला काय करणार! तिच्यासाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या असतात, पण कुत्र्याने खाल्ल्या तर त्याचा जीव जाऊ शकतो. आमच्याकडे कुत्रा आहे, विषय संपला.

गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांजवळ टाका. सकाळी उलटा, खाली चिकटलेल्या सापडतील. हातमोजे घालूनच वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ बादलीत, वाफ्यात नाही, एवढंच मी तेव्हापासून सांगतेय. झाडांना पाणी सकाळी घाला, रात्रीची ओल त्यांना हवीच असते.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असणार. किडलेले शेंडे छाटा, पाण्याचा जोरात फवारा मारा, मग साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल. मुंग्यांचा आधी बंदोबस्त करा, त्याच त्याला पोसतात.

गोगलगायींसाठी चुन्याची रेघ लोक सांगतात, ती कोरड्यात ठीक, आमच्याकडच्या पावसात टिकत नाही. आणि हो, गोणपाटाने सगळ्या जात नाहीत. मातीत अंडी असतात, त्यामुळे पावसाळाभर रोज उन्हं यायच्या आत उठून वेचावं लागतं. भाऊजींना नेमकं तेवढंच जमत नाही.